आई बोलत का नाही?

मी यवतमाळच्या एका दैनिकात रविवारी पुस्तकांवर लिहितो. भीडभाड ठेवत नाही. जुन्या कादंबऱ्यांतली माणसं आधी पाणी मागतात, मग आयुष्याबद्दल बोलतात. नव्या कादंबऱ्यांत कुणाला तहानच लागत नाही, हे माझं ठाम मत. आणि आत्मकथनांतल्या आया तर माझ्या डोक्यातच जातात. प्रत्येकीची मूर्ती करून ठेवलेली.

त्यामुळे उमरखेडकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरचं आत्मकथन आलं, तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढूनच बसलो. डेपोचे, गर्दीचे भाग झकास होते. पण आई? अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही. मुलगा नापास झाला, गप्प. नवरा गेला, गप्प. मी लिहिलं, 'ही आई लेखकानं बनवलेली आहे. खरी बाई इतकी गप्प बसत नाही.' या वाक्यावर मी खूश होतो.

पंधरा दिवसांनी लेखकाचा फोन आला. "सर, एक डाव घरी या. मायले तुमाले पाहाचं हाये." आवाजात राग नव्हता, म्हणून गेलो.

म्हातारी दारातच उभी होती. तिनं हातानं काही विचारलं, लेकानं बोटांनी उत्तर दिलं. ती जन्मापासून मुकीबहिरी होती.

"हे पुस्तकात का नाही लिहिलंत?"

"सुचलंच नाही, सर. घरात ते सांगाची गोष्टच नोती. माय तशीच हाये."

भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, माझं परीक्षण फ्रेममध्ये लावलेलं. सोबत मुखपृष्ठ छापलं होतं आणि मुखपृष्ठावर तिचा फोटो. तिला वाचता येत नाही. आपला फोटो पेपरात आला एवढं तिला कळलं आणि तिनं स्वतः उमरखेडला जाऊन फ्रेम करून आणली.

"मी काय लिहिलंय, ते त्यांना सांगितलं नाही?"

"'खोटी' म्हणाची खूण हाये आमच्यात. पण मायच्या तोंडापुढं ते कशी करू?"

मी पुन्हा लिहितो म्हणालो. तो नुसता हसला. लाजेनं मला तिथून पळावंसं वाटत होतं. तेवढ्यात म्हातारीनं फ्रेम काढली, पदरानं काच पुसली, माझ्या हातात दिली आणि माझ्या ओठांकडे बोट दाखवून खूण केली: वाच.

"वाचा, सर," लेक हळूच म्हणाला. "पूर्ण वाचा. मंधात थांबले तं तिले समजते."

मी वाचू लागलो. ती माझ्या ओठांकडे पाहत होती, मध्येच लेकाच्या बोटांकडे. तो तिला काय सांगत होता, देव जाणे. 'खरी बाई इतकी गप्प बसत नाही' हेही मी तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. ती तोंडभर हसली, माझ्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली.