रॉकेलचा वास

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. ताईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोयऱ्यांतले कोणी नाही — आणि ताईच्या ओट्यावर बसून हे बोलायचं धाडस इतक्या वर्षांत मला झालं नाही.

किन्हवलीत माझं गॅरेज होतं. मोटरसायकली, पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, येईल ते. नव्वदच्या दशकात मुरबाडकडे मुंबईच्या लोकांची फार्महाऊस व्हायला लागली, तेव्हा माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, तिथल्या एका बंगल्यावर राखणीला होते. सिद्धगडाखालच्या त्यांच्या गावातली भातशेती धाकटा भाऊ काशिनाथ बघायचा. दाजी, ताई आणि त्यांची मुलगी बंगल्यामागच्या खोल्यांत राहायची. मुलीला मुरबाडची शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती. ताईला त्याचंच फार कौतुक.

बंगल्याच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, पुढे हिरवळ केली होती आणि ती कापायला पेट्रोलचं मशीन आणलं होतं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की हिरवळ सुकायची, मशीन शेडमध्ये पडून राहायचं. एका पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं म्हणून दाजींनी ते बाहेर काढलं, तर धड चालेना. दोरी ओढली की सुरू व्हायचं, आवाज चढायचा, बसायचा, परत चढायचा — दमेकऱ्यासारखा — आणि बंद. साहेबांना माझं नाव दाजींनीच सुचवलं. "माझा मेव्हणा हाय, हाताला गुण हाय त्याच्या," म्हणाले.

गुण होता का हाताला? त्या दिवशी तरी नव्हता.

दुखणं सोपं होतं. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडून राहिलं की त्याची चिकट राळ होते आणि कार्बोरेटरमधल्या जेटचं बारीक भोक बुजतं. मी कार्बोरेटर उतरवला, धुतला, फुंकला, परत बसवला. दोरी ओढली. तेच. वर, खाली, वर, बंद. चोक अर्धा ओढून धरला तर चाले, सोडला की मेलं. परत उतरवला. प्लग बदलला. फिल्टर धुतला. तळहाताची साल निघाली दोरी ओढून ओढून. मशीनला लाथ घालावी असं वाटत होतं — आणि घातलीही एकदा, दाजी पाणी आणायला गेले तेव्हा.

एक गोष्ट मघाशी गाळली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक कागदी पॅकिंग असतं, हवा आत शिरू नये म्हणून. पहिल्यांदा उतरवतानाच माझ्याकडून ते फाटलं. नवं कापायला किती वेळ लागला असता? पण मला घाई होती. फाटका तुकडा थुंकी लावून जागेवर चिकटवला आणि बोल्ट आवळले. नंतर सगळं तपासलं, ते सोडून. पेट्रोलसुद्धा टाकीतलं जुनंच ठेवलं; पंपापर्यंत जायचा कंटाळा.

तो रविवार होता. साहेबांचे पाहुणे आलेले. व्हरांड्यात खुर्च्या टाकून सगळे माझा तमाशा बघत होते. मी दोरी ओढायचो, इंजिन गुरगुरायचं, मरायचं, आणि मागून कोणीतरी हसायचं. शेवटी साहेब खाली आले. माझ्याशी नाही, दाजींशी बोलले, "तुमच्या मेव्हण्याला जमत नसेल तर कल्याणहून माणूस बोलावू."

मी टाकीत बोट बुडवलं. नाकाशी नेलं. शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास आला — तेवढाच. आणि मी म्हणालो, "साहेब, चालेल कसं? पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलंय कोणीतरी."

व्हरांड्यातलं हसणं थांबलं. मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं.

टाकीला हात लावणारे तिथे दाजी सोडून दुसरे कोण होते? हे मला तोंडातून शब्द जायच्या आधी कळायला हवं होतं. की कळलं होतं? दाजी माझ्यावर चिडले नाहीत. टाकीकडेच बघत राहिले. "आमी तर हात पण नाय लावला, साहेब," एवढंच म्हणाले. साहेबांनी टाकी गवतात रिकामी करायला लावली आणि आत गेले.

गणपतीच्या आधी त्यांनी दाजींना सांगितलं, खोल्यांचं काम काढायचंय, तुम्ही गावाला जा. काम कसलं निघालं नाही. नवा माणूस आला. ताई गावी गेली, मुलीची शाळा सुटली ती सुटलीच.

इथवर मी स्वतःला समजावू शकलो असतो — वैतागात जीभ घसरली. पण पावसाळा संपता संपता साहेबांनी मला परत बोलावलं. ताजं पेट्रोल घालूनही मशीन तसंच चाललं होतं. मी शांतपणे कार्बोरेटर उतरवला आणि ते फाटकं पॅकिंग दिसलं. माझीच थुंकी, माझंच काम. तिथून इंजिन हवा खेचत होतं. नवं पॅकिंग कापून बसवलं, आणि पहिल्या ओढीला इंजिन एका सुरात चालू झालं.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा कोणी हसत नव्हतं. कोणी बघतही नव्हतं. मी म्हणालो, "रॉकेल उरलं होतं साहेब, तळाला."

त्या वेळी कसला वैताग होता? काहीच नाही.

भात झोडून झाल्यावर मी ताईकडे गेलो होतो. खळ्यावर दाजींनी विचारलं, "दिना, वास रॉकेलचाच होता ना रे?" रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "हो दाजी."

त्यांनी पेंढ्याची एक काडी मोडली. मग म्हणाले, "मंग काशाचंच काम."

काशिनाथकडे मोपेड होती. मुरबाडला आला की रात्री बंगल्यावर झोपायचा. दाजींनी मनात हिशोब जुळवला — भावानं पेट्रोल काढलं आणि भर म्हणून रॉकेल ओतलं. मी समोर बसलो होतो. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी चहा प्यायलो.

काशिनाथनं घरातल्या देवावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हा दाजी त्याला जे म्हणाले ते ताईनं मला सांगितलं, फार अभिमानानं सांगितलं — "दिना कशाला खोटं बोलंल?" त्याच साली दोघांच्या वाटण्या झाल्या. मधे बांध पडला. एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात पाणी जाईना, मग माणसंही जाईनात.

काही वर्षांनी ताईच्या मुलीचं लग्न झालं. काशिनाथच्या घरचं कोणी मांडवात आलं नाही. मी मामा, अंतरपाट धरला तेव्हा मी पोरीच्या पाठीशी उभा होतो. अक्षता पडल्यावर दाजींनी भरल्या मांडवात मला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि गळाभेट घेतली. मी तो मान घेतला.