ती अजून वर बघत नाही

पन्नाशी उलटल्यावर मी तैलरंग शिकायला लागलो. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, सोलापुरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची रीत एकच: जुनं, मोठं चित्र घ्यायचं आणि थरावर थर देत हुबेहूब उतरवायचं. मला त्यांनी नेदरलँड्सकडचं, काही शतकांपूर्वीचं चित्र दिलं. तुझ्या पोटी देव येणार, हे सांगायला देवदूत घरात आलाय. आणि येशूची होणारी आई पुस्तक वाचत बसलीय. तिने अजून वर पाहिलेलंच नाही.

घरभर रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास. "चटणीचं तेल चित्राला फासताय की," बायको म्हणायची. ती मंगळवेढ्याकडची.

चेहऱ्याशी आलो आणि माझ्या हातून चित्रातल्या बाईची मान वर झाली. "साहेब, सुधारणा नकोत. पुसा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. टर्पेंटाइनने पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा वर.

"तिने बघायला हवंय होय तुम्हाला?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

हवं होतं.

आता सांगतो. आमची मुलगी न सांगता लग्न करून गेली, असं मी बायकोसकट सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. ती आली होती. आई घरात नाही असं बघून दारात उभी राहिली आणि सगळं बोलली. मुलगा विणकरांच्या घरातला, तेलुगू बोलणारा, नोकरीला हैदराबादला. "आईला तुम्हीच सांगा बाबा, मला धीर होत नाही." मी पेपर वाचत होतो. शब्दन् शब्द ऐकला आणि पान उलटलं. ती बराच वेळ तिथेच होती. पेपराखालून मला तिची पावलं दिसत होती.

अखेर चेहरा मूळ चित्रासारखा जमला. बायको बघायला आली.

"एवढा दारात येऊन उभा ऱ्हायलाय, आन् हिला ऐकू आलं न्हाय व्हय?"

"आलंय," मी म्हणालो. मग थांबलो नाही, सगळं सांगून टाकलं.

ती चित्राकडून माझ्याकडे वळली. "किती बोलली ओ मी पोरीला, आईला सांगावं वाटलं न्हाय म्हणून. आन् एका शब्दानं तुमचं नाव घेतलं न्हाय तिनं." मग मुलीचा नंबर लावून तिने आपला फोन माझ्या हातात दिला. "तुमीच बोला आता."

"हां आई, बोल," पलीकडून आलं. इतका मोकळा आवाज. माझ्यासाठी नव्हता तो, म्हणून क्षणभर नुसता ऐकत राहिलो.

"आई? अगं, बोल की."

"मी आहे," म्हणालो.