बटणांच्या डब्यातली गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आणि प्रार्थनेत – तिथंही मी गोलगोल बोलून पुढं सटकते. 'प्रभू, माझे अपराध क्षमा कर', असं म्हणायचं, सगळे अपराध एकाच गाठोड्यात बांधून. गाठ सोडून दाखवा असं कोण म्हणतंय? एका बाईला मात्र आता कळलं आहे. ते कसं, ते शेवटी येईलच. तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल – माझी ती सवयच आहे.

मी औशात शिलाईकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये भरते. गाणी झाली की पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चार लोकांपुढं उभं राहून सांगायचं. बाकीच्या बायका पदराशी चाळा करत दोन वाक्यं बोलतात आणि खाली बसतात. मला बोलता येतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे मला ब्लाऊजच्या गळ्यासारखं न मोजता जमतं.

माझी साक्ष अशी. लग्नानंतर मला फिट येऊ लागल्या. चुलीपुढं, पंगतीत, कुठंही आडवी व्हायची. सासूनं अंगारे लावले, देवीच्या ठाण्यावर बसवलं, दर्ग्यात नेलं. नवरा दारूत बुडालेला. मग शेजारच्या ताईनं मला प्रार्थनेला नेलं, मंडळीतल्या बहिणींनी डोक्यावर हात ठेवले, आणि फिट थांबल्या. ते बघून नवऱ्यानं बाटली सोडली, तोही प्रभूकडं आला. यातलं सगळं खरं आहे. फक्त त्याच सुमारास माझी आई, कपडे घ्यायचं निमित्त करून, मला लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती आणि माझ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तेवढं मी गाळलं. गाळलं – बघा, आतासुद्धा शब्द कसा हलका शोधते मी!

सुरुवातीला ते नुसतं गाळणंच होतं, हेही खरं. पण एका सभेत कुणीतरी विचारलं, 'मग गोळ्या-बिळ्या?' आणि माझ्या तोंडून निघालं, 'फेकून दिल्या. विहिरीत.' कुठली विहीर? आमच्या गल्लीत विहीरच नाही. पण सगळी शेड 'हालेलुया' म्हणाली, आणि नवरा माझ्याकडं असा बघत होता, जसा लग्नातही बघितला नव्हता. त्यानंतर ती विहीर माझ्या साक्षीत कायमची आली. मुरुडला गेली, उदगीरला गेली, किनवटकडच्या सभेतही गेले मी ती घेऊन. माझ्याहून मोठ्या बायकाही मला अक्का म्हणू लागल्या.

आणि गोळ्या? त्या बटणांच्या डब्यात. शिलाई मशीनजवळ माझा एक पत्र्याचा डबा असतो – हुक, बटणं, खडू. त्यात दुसऱ्या कुणाचा हात जात नाही. सकाळी चहा झाला की मी बटण शोधायचं निमित्त करते. अस्तर-दोरा आणायला म्हणून एसटीनं लातूरला जायचं आणि येताना पिशवीत अस्तराच्या घडीत पाकिटं. आई गेल्यावर हे माहीत असणारी मी एकटीच उरले.

प्रभूनं मला बरं केलं नाही, असं मी म्हणत नाही. त्या गोळ्यांमागंही त्याचाच हात असेल. आमचे पाळक तर स्वतः बीपीची गोळी घेतात, सगळ्यांना दाखवून घेतात, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका असं सांगतात. म्हणजे त्यांच्यावर ढकलायलाही जागा नाही. देवाच्या नावावर खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता सविता. – हे नाव लिहून मी मघाशी उठले, दोन ब्लाऊजना काजं करून आले. ती आमच्याच मंडळीतल्या काशीमावशींची मुलगी. मुरुडला दिली होती. तिलाही फिट यायच्या, म्हणून सासरच्यांनी तान्ह्या पोरीसकट माहेरी आणून घातलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी तिची तब्येत सुधारली होती, पण दिवसभर डोळ्यांवर झापड यायची. नवऱ्यानं निरोप धाडला होता की गोळीवाली बायको नको, बरी झाली तर नेतो. तिला जायचं होतं हो. त्या माणसाकडं जायचं होतं.

एका दुपारी ती ब्लाऊजचं माप द्यायला आली. माप झालं तरी जाईना. मशीनशेजारी बसली, चिंध्या गोळा करू लागली. मग म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुमी खरंच एकदम सोडल्या का गोळ्या? का हळूहळू?"

मी मान वर केली नाही. टीप घालत होते. डबा माझ्या गुडघ्याला लागत होता. त्या वेळी माझ्याकडं किती उत्तरं होती! 'तुझं तू डॉक्टरला विचार', एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझी विहीरही शाबूत राहिली असती. पण तिच्या आवाजात माझ्यावर संशय आहे, असं मला वाटलं. संशय! ती बिचारी रस्ता विचारत होती आणि मला स्वतःच्या नावाची काळजी पडली.

"हाव," मी म्हणाले, "एकदम. इस्वास पायजे."

तिनं माझा हात डोळ्यांना लावला आणि गेली.

पुढचं थोडं आहे. काही दिवस ती सभेत लई खुशीत होती, झापड गेली होती. मग एका सकाळी नळाला पाणी आलं होतं, ती हंडा भरत असताना फिट आली. एक गेली की दुसरी. मधे शुद्ध येईचना. रिक्षात घालून लातूरला नेताना वाटेतच ती गेली.

तिला मातीत ठेवलं तेव्हा मी पुढं होते, गाणं मीच धरलं होतं. परतताना बायका कुजबुजत होत्या की गोळ्या सोडल्या, पण विश्वास कमी पडला. हे मी ऐकलं. ऐकून गप्प बसले – आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मेलेल्या पोरीवर दोष गेला आणि माझ्यावरून उतरला. सविताच्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं ते एका क्षणात तोंडातून गेलं होतं. हे गप्प बसणं मात्र मी वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा केलं. कारण काशीमावशी दर रविवारी माझ्याजवळ यायच्या, माझ्याहून वडील असून मला अक्का म्हणायच्या आणि विचारायच्या, "माझ्या लेकीत काय कमी पडलं ओ, अक्का? तुमच्यासारखा इस्वास तिला का न्हाई आला?" मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. 'प्रभूची इच्छा' म्हणायचे. त्यांना ते पटायचं नाही, तरी त्या मान हलवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या माझ्या घरी आल्या. सोबत सविताची मुलगी, एस्तेर. आता शाळेत जाते. तिला वर्गात फिट आली होती, डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या. मावशींनी गोळ्यांची पिशवी माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या न्हाई द्यायच्या. आईच्यात कमी पडलं, पोरीच्यात पडू द्यायचं न्हाई. तुमी डोक्यावर हात ठेवा."

मी म्हणाले, "मावशी, गोळ्या द्या. प्रार्थनाही करू. गोळ्या बंद करू नका."

त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे हिच्यात बी कमी हाय का?"

मुलगी माझ्या डब्याकडं बघत होती, रंगीत बटणं दिसत होती म्हणून. तिचे डोळे सविताचे आहेत. अजून एकदा गोल फिरून सुटावं असं मला वाटलं, हे लपवत नाही. पण फिरायला जागा उरली नव्हती. मी डबा ओढला, खडू बाजूला केले आणि पाकीट काढून मावशींच्या हातात दिलं.

मावशींना वाचता येत नाही. पण त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं, गोळीवर बोट फिरवलं. "ही तर सविताची गोळी हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. "कवापासून?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. "सविता इथं बसली होती, तेव्हाही डब्यातच होती."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायचाही मला हक्क नाही. त्यांनी माझ्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं, पिशवीतली गोळी काढली आणि माझ्यासमोर नातीला दिली. पोरीनं गिळल्यावर तोंड उघडायला लावून बघितलं. मग पेला विसळून जागेवर पालथा ठेवला आणि तिचा हात धरून निघून गेल्या.

त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी पुढच्या सतरंजीवर बसतात, नात शेजारी. गाणी झाली की पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? तेव्हा काशीमावशी मागं वळून माझ्याकडं बघतात. पाळक पुढचं गाणं सांगेपर्यंत बघत राहतात.

मी अजून उठलेली नाही.