मामाचं पोट आणि माझं भाषण

आता माझ्याच भाषणाने मला चिखलात कसं उतरवलं, ते ऐका. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्येच हसू नका!

मी बंगळुरूला सार्वजनिक आरोग्य शिकून नुकताच गोंदियाला परतलोय. डोक्यात एकच ध्यास: उत्तमातला उत्तम उपचार आपल्या माणसांनाही मिळाला पाहिजे! तेवढ्यात अर्जुनी मोरगावकडच्या माझ्या मामाच्या मूत्रपिंडातून लघवी उतरायची वाट आखडली. मी हट्टाने त्याला नागपूरला नेलं आणि रोबोटच्या मदतीने शस्त्रक्रिया करवली.

काय ते कौशल्य! सर्जन बाजूला बसून हात हलवतो आणि यंत्राची बारीक बोटं आत टाके घालतात. पोटावर काय उरलं? डास चावल्यासारखे चार ठिपके! मामा आरशासमोरून हटेना.

"भाचे, पोट तं नव्यासारखं होऊन गेलं!"

मग मी कसला गप्प बसतो? मामाच्या घरी भेटायला कुणीही आलं, की मामाची बनियन वर! "बघा, काही झाल्यासारखं दिसतं तरी का?" मामाही पोट आत ओढून ऐटीत उभा.

अन् भाताची रोवणी लागली; पऱ्हे म्हणजे रोपं उपटून चिखलाने भरलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लावायची लगबग. शेजारचे सोपानकाका दारात हजर.

"चाल गा, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत न्याच्या हायेत."

"मले वजन उचलाची मनाई हाय. आपरेशन झालं ना!"

"कायचं आपरेशन? तुया भाचाच तं गावभर सांगून राहिला का काही झालंच नाही!"

"अहो काका, टाके आत आहेत," मी म्हणालो.

"आत कोन पाहाले जाते? हे पाय!" काकांनी सदरा वर केला. जुन्या काळी मुतखडा काढल्याची खूण, पोटापासून पाठीपर्यंत, शेताच्या धुऱ्यासारखी, म्हणजे बांधासारखी जाडजूड! "याले म्हनते आपरेशन! त्या साली कोनी मले कामाले बोलावलं नाही."

मामी पुटपुटली, "मलेही वाटे, नागपूर फिरवून आनलं का काय!"

मामाचा चेहरा उतरला. लाजेकाजेने तो खरंच उठायला लागला. आतले टाके तुटले असते तर? माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! पेंढ्या मी नेतो!"

मामी ओरडली, "भाच्याच्या पाया पडाचं का त्याले चिखलात उतरवाचं? पाप लागन मले!" आमच्याकडे भाचा पूज्य; मामा-मामीच त्याच्या पाया पडतात.

पण मी उतरलो. ओल्या पेंढ्या, निसरडे धुरे, गुडघाभर चिखल. संध्याकाळी मला दोघांनी धरून खाटेवर आणून टाकलं.

सकाळी सगळं गाव मला पाहायला! सोपानकाकांनी माझी बनियन वर करून पोट निरखलं, पालथा करून पाठ निरखली.

"याले तं एक ठिपकाही नाही! मंग काऊन कन्हून राहिला?"

आरशासमोरून मामाचा शांत आवाज आला, "रोबोटनं केलं असन."