चुकीचा डोंगर

त्या माथ्यावरचा वारा अजून कानात घुमतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एक शेतकरी आपली मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन आला. मुलगी सज्ञान होती. शेजारगावच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाने तिला पळवले, असा त्याचा संशय. तशी 'मिसिंग'ची नोंद केली.

दोन-तीन दिवसांनी एका मेंढपाळाने खबर दिली. "सायेब, वरच्या माथ्यावर धूर निघून राहिला. तिथं वाऱ्यापायी आमी मेंढरं बी बसवत न्हाई." ठाण्यापासून लांबचा तो उघडाबोडका डोंगर. वर गवत, दगड आणि एक पडकी खोप. दोघे तिथेच लपले असावेत, असे मला वाटले.

बाप रोज ठाण्यात येऊन रडायचा. पण लेक जिवंत असेल का, हे त्याने एकदाही विचारले नाही. त्याचे प्रश्न वेगळेच. "पत्ता लागला का सायेब? कोणत्या वाटेनं जाणार? संगं पोलीस किती?"

मला ते खटकले. धुराबद्दल चकार शब्द न काढता मी म्हणालो, "उद्या सकाळी नरसीकडच्या टेकडीवर शोध घेणार आहोत. कुणाला बोलू नका." ती टेकडी मी मुद्दाम खोटी सांगितली होती. साध्या वेशातले हवालदार तिथे आधीच बसवले.

उजाडताच बाप दोन पुतण्यांना घेऊन तिथे हजर. त्यांच्या जीपमध्ये कोयते सापडले. ठाण्यात त्याला समोर बसवले.

"लेकीला न्यायला आलात, मग कोयते कशाला?"

"काटं तोडाया."

"त्या टेकडीवर कुठले काटे?"

मान न उचलता तो म्हणाला, "गावात तोंड दाखवाया जागा न्हाई ठेवली पोरीनं."

तिघांवर कारवाई सुरू करून, महिला शिपायाला घेऊन मी खरा डोंगर चढलो. मारलेली हाक वारा मागेच घेऊन जात होता. दोघे खोपीच्या भिंतीआड अंग चोरून बसलेले. मला पाहताच मुलगा तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्या आडून ती ओरडली, "बाबा संगं आलेत का?"

"नाही. ते ठाण्यात आहेत."

ती मोठ्याने रडू लागली.

स्वखुशीने गेल्याचा जबाब तिने दिला. पोलीस संरक्षणात त्यांचे लग्नही झाले.

तक्रार देणारा तो पीडितच, असे धरून चालण्याची आम्हा पोलिसांना सवय असते. माझी ती सवय त्या दिवशी सुटली. बापाच्या रडण्यावर विश्वास ठेवला असता, तर मीच त्याला तिच्यापर्यंत वाट दाखवत नेले असते.