चौघांसाठी एक पान

माझा मामा पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका तपासतो. पंपाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली जी पुस्तिका कोणी ढुंकूनही बघत नाही, ती तो एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बघतोय. जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश. चारही भाषा त्याला डोळ्यांनी येतात, तोंडाने एकही नाही.

त्याची तपासायची तऱ्हा जगावेगळी. तो पानाच्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो. "सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळे झोपतात," असं त्याचं म्हणणं. म्हणून कारखान्यात त्याचं नाव उलटेकाका. त्याच्या हातून गेलेल्या पानात अक्षराची चूक सापडली तर सगळ्या विभागाला चहा पाजायचं त्याने कबूल केलंय. तो चहा अजून कोणाला मिळालेला नाही.

असं उलटं वाचता वाचता त्याला दिसलं, की या चौघी चुलत बहिणी आहेत. नाकडोळे तेच, भांग तेवढा वेगळा. घराला जर्मन माणूस 'हाउस' म्हणतो, स्वीडिश माणूस 'हूस'. मग लिहायचं एकच, आणि ज्याने त्याने आपल्या घरी बोलतात तसं वाचायचं! झालं. तेव्हापासून मामा चौघींसाठी एक सामायिक स्पेलिंग रचतोय. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, आणि ती कार्डं ठेवायला मामीचे डबे.

"लोक दागिने लपवून ठेवतात, मी रिकामा डबा लपवते," मामी म्हणते.

या महिनाअखेरीस मामा निवृत्त होणार. आणि त्या स्पेलिंगमधली एक ओळही आजवर दुसऱ्या कुणी वाचली नव्हती. ते त्याला आतून खात होतं, हे मला कळत होतं. मी त्याच कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे चार नवशिके मेकॅनिक शिकायला आले: एक जर्मन, एक डच, एक स्वीडिश आणि एक डॅनिश मुलगी. मी साहेबांच्या मागे लागून मामासाठी अर्धा तास मिळवला.

मामाने एक पान लिहिलं. पंप कसा उघडायचा, नऊ वाक्यांत. ते त्याने चाळीस वेळा तपासलं, अर्थातच खालून वर. आदल्या संध्याकाळी मामीला म्हणाला, "त्यांना नाही कळलं, तर सगळे डबे रिकामे करून देतो तुला." मामीने सकाळीच पीठ आणून ठेवलं.

चौघं चार पंपांसमोर उभे राहिले. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "एकमेकांशी बोलायचं नाही. मोठ्याने वाचा आणि कागदावर आहे तेवढंच करा." मामा भिंतीला टेकून उभा होता. हात पाठीमागे, तोंड पांढरंफटक.

जर्मनाने पहिलं वाक्य वाचलं. पाठोपाठ तिघांनी. चार वेगवेगळे आवाज, चार वेगवेगळे उच्चार, आणि चार हात एकदमच विजेच्या बटणाकडे गेले. बटणं बंद. मामाने जन्मात पहिल्यांदा आपलं लिहिलेलं कानांनी ऐकलं. त्याचे ओठ हलायला लागले. मला रडू येईलसं वाटलं.

दुसरं वाक्य. चौघांनी नट फिरवायचे पाने उचलले. चौघांनी झाकणं फिरवली.

आणि चारही पंपांतून पाण्याच्या चार चिळकांड्या उडाल्या! डॅनिश मुलगी किंचाळली, जर्मनाचा चष्मा वाहून गेला, साहेब टेबलावर चढले. मी धावत जाऊन मुख्य नळ बंद केला. मग ओला कागद उचलून वाचला. इंग्रजीच्या जवळचं म्हणून ते स्पेलिंग थोडंफार मलाही लागत होतं, आकृत्याही होत्या. दुसरं वाक्य: झाकण उघडा. तिसरं: पाणी बंद करा.

"मामा, अरे, हे उलटं झालंय!"

"कसं होईल? चाळीस वेळा वाचलंय मी," मामा म्हणाला. मग त्याने बोटाने खालून वर वाचून दाखवलं. आधी पाणी बंद, मग झाकण. त्याच्या वाचण्यात ही दोन वाक्यं जागच्या जागी होती.

साहेब टेबलावरूनच ओरडले, "काका, चौघांनाही भिजवलंत तुम्ही!"

"चौघांनाही," मामा हळूच म्हणाला. आणि मग लहान पोरासारखा टाळ्या पिटत ओरडला, "चौघांनाही! एकदम!" स्वीडिश पोराला काय कळलं कोण जाणे, पण तो निथळत्या अंगाने पुढे आला आणि त्याने मामाला मिठी मारली. मग मामाही ओला झाला.

घरी मामीने दार उघडलं. नवऱ्याच्या ओल्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झालं? नाही कळलं त्यांना?"

"कळलं गं," मामा म्हणाला. "शब्दन् शब्द कळला."

मामी आत गेली, सर्वांत मोठं पातेलं काढलं, त्यात पीठ ओतलं आणि वर ताटली झाकली. मग कपाटामागे हात घालून एक रिकामा डबा काढला आणि मामासमोर ठेवला.