कलमाचे आंबे

ओल्या गोणपाटाचा वास आला की सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतलं बडोद्याचं आमचं अंगण आठवतं. यजमानांनी आंब्याचं कलम लावलं आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. वैशाखाच्या उन्हात कलमानेही मान टाकली. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, ते काही जगत नाही. तुम्हीही माहेरी जा, घर मी बघतो.” मी कलमावर ओल्या गोणपाटाची सावली केली, आळ्यात पाला पसरला आणि रोज त्यांच्या देखत सावकाश पाणी घातलं. पालवी फुटली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. काही वर्षांनी पहिले आंबे उतरले, ते मी त्यांच्याच ताटात वाढले. “भावजी, अंगणातले आहेत, पोटभर खा.” मान खाली घालून त्यांनी ते खाल्ले. आता ते नाहीत, पण तो चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं.